ओव्हरीची बॉर्डरलाइन गाठ आणि ऑपरेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पेशंटनी, त्यांच्या नवऱ्यांनी, आयांनी आणि बहिणींनी ओपीडीत आणि फोनवर पुन्हापुन्हा विचारलेले आहेत. मी स्त्रियांच्या कॅन्सरची ऑपरेशनं करते. बॉर्डरलाइन गाठीच्या बाबतीत, विशेषतः तरुण मुलींमध्ये, घाबरून केलेल्या जादा ऑपरेशनचं नुकसान आयुष्यभर पुरतं. म्हणून काही उत्तरं मुद्दाम सविस्तर लिहिली आहेत. तुमचा निर्णय मात्र तुमचा रिपोर्ट हातात घेतलेल्या डॉक्टरांबरोबरच घ्या.

१. रिपोर्टमध्ये 'बॉर्डरलाइन' लिहिलंय. कॅन्सर आहे की नाही, एका शब्दात सांगा.

नाही. गाठीतल्या पेशी साध्या सिस्टपेक्षा जास्त वाढलेल्या असतात, मायक्रोस्कोपखाली थोड्या वेड्यावाकड्या दिसतात, पण आजूबाजूच्या भागात शिरत नाहीत. कॅन्सर शिरतो, हा मुख्य फरक. तरीही साध्या सिस्टसारखी काढली आणि विसरलो, असं इथे चालत नाही. काही जणींमध्ये गाठ परत येते आणि त्याहून बऱ्याच कमी जणींमध्ये पुढे कॅन्सर होतो (प्रश्न १३).

अमेरिकेतले डॉ. हॉवर्ड टेलर यांनी १९२९ मध्ये अशा गाठींचं पहिल्यांदा वर्णन केलं. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना अधिकृत वर्गीकरणात वेगळी जागा मिळाली. जुन्या फाइलींत 'लो मॅलिग्नंट पोटेन्शियल' असं लिहिलेलं सापडलं, तर तो हाच आजार. डिस्चार्ज कार्डावर डी ३९.१ असा कोड असतो. ओव्हरीच्या कॅन्सरचा कोड सी ५६ आहे. तुमच्या कार्डावर चुकून सी ५६ पडला असेल तर तो दुरुस्त करून घ्या, पुढे कागदपत्रांत त्रास होतो.

२. माझं वय २९ आहे. एवढ्या लवकर कसं काय? आणि हे आनुवंशिक आहे का?

हा आजार ओव्हरीच्या कॅन्सरपेक्षा साधारण दहा वर्षं आधी दिसतो आणि जवळजवळ एकतृतीयांश पेशंट चाळिशीच्या आतल्या असतात. तुमच्या हातून काही चुकलं म्हणून ही गाठ झालेली नाही. बाहेरचं खाणं, गर्भनिरोधक गोळ्या, उशिरा लग्न असल्या कारणांत जीव गुंतवू नका. स्तनाच्या आणि ओव्हरीच्या कॅन्सरशी जोडलेल्या बीआरसीए जनुकांशी या गाठींचा ठोस संबंध दिसलेला नाही. त्यामुळे फक्त बॉर्डरलाइन गाठ आहे म्हणून ती महागडी रक्ततपासणी करायची गरज नाही. घरात आई, मावशी, बहीण यांना स्तनाचा किंवा ओव्हरीचा कॅन्सर झाला असेल तर गोष्ट वेगळी, मग जनुकतज्ज्ञांना भेटा.

३. सोनोग्राफी, एमआरआय, सीए-१२५ सगळं झालं, तरी डॉक्टर म्हणतात 'काढल्यावरच कळेल'. सुई घालून पाणी तपासता येत नाही का?

डॉक्टर खरं सांगताहेत. गाठीच्या आत बारीक कोंबासारखी वाढ दिसली, त्यात रक्तप्रवाह दिसला, तर संशय येतो. संशयाच्या पुढे कोणतीही तपासणी खात्रीने जात नाही. रक्तातलं सीए-१२५ बऱ्याच जणींमध्ये नॉर्मल असतं. शिवाय एंडोमेट्रिओसिस, टीबी, अगदी पाळी चालू असतानाही ते वाढतं. गाठ म्युसिनस म्हणजे चिकट स्रावाची वाटत असेल तर सीए १९-९ आणि सीईए या रक्ततपासण्या बघतात.

सुई घालू देऊ नका. पाण्यातल्या चार सुट्या पेशींवरून बॉर्डरलाइन आणि कॅन्सर यातला फरक ठरत नाही, त्यासाठी गाठीची अख्खी रचना बघावी लागते. वर सुईच्या छिद्रातून आतलं पाणी पोटात सांडायची भीती.

४. टेबलवर असताना फ्रोझन रिपोर्ट 'बॉर्डरलाइन' आला, आठवड्याने फायनल वेगळाच आला. कोणाची चूक?

बहुतेक वेळा कोणाचीच नाही. फ्रोझनमध्ये तुम्ही भुलेखाली असतानाच गाठीचे एकदोन तुकडे गोठवून वीस-तीस मिनिटांत बघतात. फायनलमध्ये गाठीच्या दर सेंटीमीटरला किमान एक या हिशोबाने तुकडे घेतले जातात. फुटबॉलएवढी म्युसिनस गाठ असेल तर एका कोपऱ्यात साधी सिस्ट, मध्ये बॉर्डरलाइन आणि कुठेतरी नखाएवढ्या जागेत कॅन्सर, असं खरोखर असू शकतं. म्हणून गाठ मोठी किंवा म्युसिनस असली की फ्रोझनवर भरवसा कमी.

याचा अर्थ असा की मूल हवं असलेल्या बाईची गर्भपिशवी आणि दुसरी ओव्हरी केवळ फ्रोझनच्या जोरावर काढू नये. राहिलेलं काम नंतर करता येतं, काढलेली ओव्हरी परत बसवता येत नाही.

५. ऑपरेशनमध्ये नक्की काय काय काढतात?

मुलं झाली आहेत, वय पन्नाशीकडे आहे, अशा पेशंटमध्ये दोन्ही ओव्हरी आणि दोन्ही नळ्या काढतात. पोट धुऊन ते पाणी तपासायला पाठवतात. ओमेंटम म्हणजे आतड्यांवरचा चरबीचा पडदा काढतात किंवा त्याचा भाग घेतात, पोटाच्या अस्तराच्या बायोप्सी घेतात आणि यकृताच्या वरपासून ओटीपोटाच्या तळापर्यंत सगळं डोळ्यांनी नीट पाहतात. कुठे दाणे (प्रश्न ११) दिसले तर एकही मागे ठेवायचा नाही.

गर्भपिशवी बहुतेक ठिकाणी सोबत काढली जाते, पण ती काढल्याने आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही. पिशवी निरोगी असेल तर 'काढलीच पाहिजे का?' असं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. लिम्फ नोड म्हणजे लसिकाग्रंथींची साखळी सरसकट काढायची गरज नाही. त्यात पेशी सापडल्या तरी आयुष्यमानावर फरक पडत नाही आणि काढल्यावर पाय सुजण्याचा त्रास मात्र मागे लागू शकतो.

६. मला मूल हवंय. काय काय वाचवता येईल?

पुष्कळ. गर्भपिशवी आणि निदान एक ओव्हरी, किंवा तिचा भाग, बहुतेक वेळा वाचतो. पोटाच्या अस्तरावर न घुसणारे दाणे असले (प्रश्न ११) तरीही ते सगळे काढता येत असतील तर वाचवता येतो.

मार्ग दोन. एक, गाठ असलेली ओव्हरी आणि नळी पूर्ण काढायची. दोन, फक्त गाठ सोलून काढायची आणि ओव्हरी ठेवायची. सोलून काढल्यावर गाठ परत येण्याचं प्रमाण जास्त. ढोबळमानाने सांगायचं तर दोन्ही ओव्हरी काढल्यावर सुमारे ५ टक्के, एक काढल्यावर १० ते २० टक्के, आणि नुसती सोलल्यावर २० ते ३० टक्के किंवा त्याहूनही जास्त. पण परत येणारी गाठ बहुधा बॉर्डरलाइनच असते, ती पुन्हा काढता येते आणि आयुष्यमान तेवढंच राहतं. म्हणूनच आम्ही ही जोखीम घ्यायला तयार होतो.

माझा कल असा: एकच ओव्हरी बाधित आणि दुसरी धडधाकट असेल तर बाधित ओव्हरी पूर्ण काढावी. एका निरोगी ओव्हरीवर पाळी नियमित येते, दिवस राहतात. सिरस म्हणजे पातळ स्रावाची गाठ दोन्हीकडे असेल किंवा आधीच एक ओव्हरी गेलेली असेल, तेव्हा सोलून काढण्याला खरा अर्थ आहे (प्रश्न ७). म्युसिनस गाठीत सोलणं टाळावं (प्रश्न १२). दुसरी ओव्हरी दिसायला नॉर्मल असेल तर 'खात्रीसाठी' तिचा तुकडा घेऊ नये. त्याने तिची ताकद कमी होते, आत चिकटाही होतो, म्हणजे अवयव एकमेकांना चिकटतात.

प्रयत्न करणाऱ्यांपैकी साधारण निम्म्या जणींना आपोआप दिवस राहतात. नाही राहिले तर आयव्हीएफ करता येतं. त्याने या आजारातली जोखीम वाढून जीव धोक्यात येतो असं आढळलेलं नाही. पण औषधं सुरू करण्याआधी सर्जन आणि वंध्यत्वतज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोललेलं असावं.

आणि संमतीपत्र. सही करण्याआधी त्यावर काय लिहिलंय ते वाचा. 'गरज पडल्यास गर्भपिशवी व दोन्ही ओव्हरी काढणे' हे वाक्य बहुतेक छापील फॉर्मवर असतं. तुम्हाला मूल हवं असेल तर 'फ्रोझन रिपोर्ट बॉर्डरलाइन आल्यास गर्भपिशवी आणि दुसरी ओव्हरी ठेवावी' असं हाताने लिहून घ्या आणि मग सही करा.

७. दोन्ही ओव्हरींत गाठी आहेत. मग तर सगळंच जाणार ना?

लगेच तसं धरू नका. सिरस प्रकारात दर तीनपैकी सुमारे एकीला दोन्हीकडे गाठी असतात, त्यामुळे हा प्रश्न नेहमीचा आहे. दोन्हीकडच्या गाठी सोलून काढणं, किंवा जास्त बिघडलेली ओव्हरी काढून दुसरीतली गाठ सोलणं, असे पर्याय असतात. इटलीत ३२ स्त्रियांवर झालेल्या एका छोट्या तुलनेत दोन्हीकडे फक्त सोलून काढलेल्यांना मूल होण्याचं प्रमाण जास्त होतं, मात्र त्यांच्यात गाठ लवकर परत आली. त्यामुळे हा मार्ग घेतला तर मुलाचा विचार फार लांबवू नका. लग्न झालेलं नसेल किंवा लगेच मूल नको असेल तर बीजं गोठवून ठेवण्याबद्दल ऑपरेशनआधीच विचारा.

८. दुर्बिणीतून करावं की पोट उघडून? आणि गाठ आत फुटली तर?

हात बसलेला सर्जन असेल आणि गाठ अखंड बाहेर काढता येत असेल तर दुर्बिणीतून उत्तम. चिकटा कमी होतो, जो पुढे मूल हवं असणाऱ्यांसाठी महत्त्वाचा. गाठ पोटातच प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाहेर काढली पाहिजे. ऑपरेशनआधी 'पिशवी वापरणार ना?' एवढं विचारायला संकोच करू नका. गाठ खूपच मोठी असेल तर छोट्या भोकासाठी ती फोडण्यापेक्षा मोठा छेद परवडला.

ऑपरेशनमध्ये गाठ फुटली तर टप्पा १-एचा (एकाच ओव्हरीत, अखंड) १-सी (ओव्हरीतच, पण फुटलेली) होतो. तेवढ्याने किमो लागत नाही. पाठपुरावा मात्र चोख ठेवायचा.

९. साधी सिस्ट समजून गावात ऑपरेशन झालं. आता रिपोर्टमध्ये बॉर्डरलाइन आलंय. परत ऑपरेशन करावंच लागेल का?

सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नाचे येतात, आणि बहुतेक जणी दुसऱ्या ऑपरेशनची तारीख घेऊनच फोन करतात. तारीख थांबवा. इथे पंधरा दिवस-महिनाभर थांबल्याने काही बिघडत नाही.

पहिल्यांदा स्लाइड आणि ब्लॉक दुसरीकडे तपासून घ्या (प्रश्न १०). दुसरं, ऑपरेशन नोट मिळवा. डिस्चार्ज कार्ड वेगळं, ऑपरेशन नोट वेगळी. तीत सर्जनने काय पाहिलं ते असतं: दुसरी ओव्हरी कशी होती, अपेंडिक्स पाहिलं का, पोटात दाणे होते का, गाठ फुटली का. दुर्बिणीतून झालं असेल तर व्हिडिओ मागा, बऱ्याच ठिकाणी तो ठेवलेला असतो. तिसरं, चांगली सोनोग्राफी किंवा एमआरआय करून आत काही उरलंय का ते बघा.

हे सगळं समोर आल्यावर निर्णय बहुधा असा पडतो. सिरस गाठ, मायक्रोपॅपिलरी (प्रश्न ११) नाही, सर्जनने पोट नीट पाहिलेलं, स्कॅन साफ: परत ऑपरेशन नको, तपासण्या चालू ठेवायच्या. सिरसच, पण मायक्रोपॅपिलरी, किंवा पोट कोणी पाहिलेलंच नाही: दुर्बिणीतून एकदा सगळं बघून बायोप्सी घेण्याचा विचार करावा, गर्भपिशवी काढण्यासाठी मात्र नाही. म्युसिनस गाठ नुसती सोललेली असेल तर त्या बाजूची राहिलेली ओव्हरी आणि नळी काढावी, हा सल्ला मी ठामपणे देते. कारण प्रश्न १२ मध्ये आहे.

पहिल्या डॉक्टरांवर लगेच राग धरू नका. प्रश्न ३ वाचलात तर लक्षात येईल की आधी कळणं अवघड होतं.

१०. 'स्लाइड आणि ब्लॉक आणा' असं सांगितलंय. म्हणजे नेमकं काय आणि कुठून आणायचं?

गाठीचे तुकडे मेणात बसवून ठेवतात. पांढरट मेणाच्या त्या चपट्या वड्या म्हणजे ब्लॉक, प्लास्टिकच्या छोट्या चौकटीत, कडेला पेन्सिलने नंबर टाकलेला. त्यातून केसाहून बारीक काप काढून काचेवर रंगवतात, ती स्लाइड. ज्या लॅबने रिपोर्ट दिला तिथे अर्ज, मूळ रिपोर्टची प्रत आणि पेशंटचं ओळखपत्र दिलं की मिळतात. हॉस्पिटलने गाठ बाहेरच्या लॅबला पाठवलेली असते, तेव्हा रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात लॅबचं नाव बघा. सगळे ब्लॉक मागा, 'एक पुरेल' म्हणाले तरी. नंबर रिपोर्टशी जुळवून घ्या. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं.

स्त्रियांच्या कॅन्सरचं काम रोज बघणाऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे ते जायला हवेत. परळचं टाटा मेमोरिअल किंवा मोठी मेडिकल कॉलेजं इथे बाहेरच्या स्लाइड तपासून मिळतात. दुसऱ्या वाचनात निदान बदलल्याची उदाहरणं दोन्ही बाजूंनी असतात: बॉर्डरलाइनची साधी सिस्ट होते, कधी कॅन्सरही निघतो.

११. रिपोर्टमध्ये 'इम्प्लांट', 'मायक्रोपॅपिलरी', 'मायक्रोइन्व्हेजन' असे शब्द आहेत. कशाला घाबरायचं?

पोटाच्या अस्तरावर रुजलेले दाणे म्हणजे इम्प्लांट. ते बहुतेक वेळा 'नॉन-इन्व्हेजिव्ह', न घुसणारे असतात. सगळे काढले की पुढचं चित्र चांगलं असतं. 'इन्व्हेजिव्ह' लिहिलं असेल तर मात्र गंभीरपणे घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या वर्गीकरणापासून अशा दाण्यांना लो-ग्रेड सिरस कॅन्सर धरतात. मग उपचार त्या कॅन्सरचे, आणि या पानावरची बरीच उत्तरं तुम्हाला लागू होत नाहीत.

मायक्रोपॅपिलरी ही पेशींच्या मांडणीची एक तऱ्हा. तीत दोन्ही ओव्हरी बाधित असणं आणि दाणे सापडणं जास्त दिसतं, म्हणून पोटाची तपासणी काटेकोर हवी. मायक्रोइन्व्हेजन म्हणजे पेशी अगदी थोड्या जागेत आत शिरलेल्या असणं. ५ मिलिमीटरपेक्षा छोट्या जागेतलं मायक्रोइन्व्हेजन एकट्याने उपचार बदलत नाही.

१२. गाठ म्युसिनस आहे म्हणून डॉक्टर अपेंडिक्स आणि आतडी तपासायला सांगतात. ओव्हरीचा काय संबंध?

संबंध आहे. अपेंडिक्स, मोठं आतडं, जठर किंवा स्वादुपिंड इथला आजार ओव्हरीत येऊन बसला तर तो हुबेहूब म्युसिनस गाठीसारखा दिसू शकतो. गाठ दोन्हीकडे असेल किंवा एकाच बाजूची पण लहान असेल, तर हा संशय वाढतो. ओव्हरीतच तयार झालेली म्युसिनस गाठ बहुधा एकाच बाजूला आणि चांगली मोठी असते. पोटभर जेलीसारखा स्राव सापडला तर मूळ बहुतेक वेळा अपेंडिक्समध्येच निघतं. ऑपरेशनमध्ये अपेंडिक्स पाहायलाच हवं. नॉर्मल दिसलं तर काढायची गरज नाही.

म्युसिनस गाठ सोलून काढली आणि ती परत आली, तर काही वेळा थेट कॅन्सर म्हणून येते. सिरसमध्ये जो दिलासा आहे तो इथे तितका नाही, म्हणून ती ओव्हरी पूर्ण काढलेली बरी.

१३. परत येईल का? आणि जगण्याचं काय?

बहुतेक जणींमध्ये निदान पहिल्याच टप्प्यात होतं, आणि त्यात ५ वर्षांनी ९५ टक्क्यांहून जास्त स्त्रिया हयात असतात. आजार ओव्हरीबाहेर गेलेला असला तरीही मोठी संख्या अनेक वर्षं चांगलं जगते. परत येण्याचे आकडे ऑपरेशनच्या प्रकारावर अवलंबून असतात, ते प्रश्न ६ मध्ये दिले आहेत. कॅन्सर होण्याचं प्रमाण एकूण पेशंटमध्ये थोडकं, साधारण २ ते ३ टक्के. मागे दाणे उरले असतील तर धोका वाढतो.

१४. नातेवाईक म्हणतात, 'खात्रीसाठी किमो घेऊन टाक.' घ्यावा का?

नाही. बॉर्डरलाइन पेशी हळू वाढतात, किमोला दाद देत नाहीत. ऑपरेशननंतर किमो दिल्याने आयुष्य वाढल्याचं दिसलेलं नाही. इन्व्हेजिव्ह इम्प्लांटचा विषय वेगळा (प्रश्न ११).

१५. तपासण्या किती वर्षं?

दहा वर्षांनंतरही गाठ परत आलेली आहे, त्यामुळे 'पाच वर्षं झाली, सुटलो' म्हणू नका. पहिली काही वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी, मग वर्षातून एकदा. ओव्हरी ठेवली असेल तर योनिमार्गातून सोनोग्राफी ही मुख्य तपासणी. सीए-१२५ आधी वाढलेलं असेल तरच पुढे उपयोगी. दरवर्षी सीटी स्कॅन किंवा पेट स्कॅन करायचं कारण नाही.

१६. दोन मुलं झाली. आता राहिलेली ओव्हरी काढून टाकायची का?

सक्ती नाही. तपासण्या नियमित होत असतील तर ठेवता येते. लवकर पाळी बंद झाल्याने हाडांवर आणि हृदयावर होणारा परिणाम खरा असतो, तोही तराजूत टाका. मायक्रोपॅपिलरी गाठ, आधी एकदा परत आलेली गाठ किंवा तपासणीला येणं अशक्य असेल तर काढण्याकडे झुकावं.

१७. सूनबाईला चौथा महिना आहे आणि ओव्हरीत संशयास्पद गाठ दिसली. गर्भ पाडावा लागेल का?

नाही, त्यासाठी तर मुळीच नाही. गाठ काढायची ठरली तर चौथा-पाचवा महिना हीच सोयीची वेळ. फक्त बाधित बाजूचं ऑपरेशन होतं. बाकीची तपासणी गरज वाटली तर बाळंतपणानंतर. गरोदरपणात या गाठी मायक्रोस्कोपखाली असतात त्याहून भयंकर दिसू शकतात आणि सीए-१२५ही वाढतं, म्हणून रिपोर्ट वाचणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला गरोदरपणाची माहिती हवीच.

१८. ३८व्या वर्षी दोन्ही ओव्हरी गेल्या. गरम वाफा येतात, झोप नाही. हार्मोनच्या गोळ्या घेतल्या तर आजार परतेल का?

बॉर्डरलाइन गाठीनंतर हार्मोन बंदी नाही. चाळिशीच्या आत ओव्हरी गेलेल्या बाईने, दुसरं वैद्यकीय कारण आड येत नसेल तर, नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत ते घ्यावेत, असंच आम्ही सुचवतो. गर्भपिशवी शाबूत असेल तर इस्ट्रोजनबरोबर प्रोजेस्टेरॉन लागतं. इन्व्हेजिव्ह इम्प्लांट असतील तर आधी कॅन्सर सर्जनना विचारा. 'सहन कर, सगळ्यांनाच होतं' हे ऐकून गप्प बसू नका.

१९. मुलीचं लग्न ठरायचंय. योनिमार्गातून सोनोग्राफी नको म्हणते. आणि स्थळांना सांगायचं का?

सोनोग्राफी गुदमार्गातूनही होते, चित्र जवळजवळ तितकंच स्पष्ट येतं, किंवा एमआरआय करता येतो. तपासणी टाळण्याचं हे कारण होऊ देऊ नका.

सांगायचं की नाही, आणि कधी, हे मुलीने ठरवायचं. सांगायचं असेल तर होणाऱ्या नवऱ्याला रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे आणा, मी अशा भेटींना वेळ देते. तिला कॅन्सर नव्हता, एक ओव्हरी निरोगी आहे, मूल होऊ शकतं, हे आम्ही सांगितलेलं घरात वेगळ्या वजनाने ऐकलं जातं.

२०. विमा कंपनीने पैसे नाकारले. बरोबर आहे का?

कोणती पॉलिसी आहे ते बघा. साध्या मेडिक्लेममध्ये हॉस्पिटलचा खर्च पॉलिसीच्या अटींनुसार मिळायला हवा, गाठ कोणत्या प्रकारची निघाली याने फरक पडत नाही. एकरकमी पैसे देणाऱ्या क्रिटिकल इलनेस पॉलिसीत मात्र बहुधा मिळत नाहीत. आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या कॅन्सरच्या प्रमाणित व्याख्येतून 'बॉर्डरलाइन मॅलिग्नंट' आणि 'लो मॅलिग्नंट पोटेन्शियल' गाठी वगळलेल्या आहेत. दुसऱ्या वाचनात कॅन्सर ठरला असेल (प्रश्न १०) तर नवीन रिपोर्ट जोडून पुन्हा दावा करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे भरती होण्याआधी त्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा, मंजुरी ऑपरेशनच्या आधी लागते.